इंग्लंडचा सातबारा

रविवार आहे, तेव्हा मटणापासून सुरुवात करायला हरकत नसावी. (शाकाहारी वाचकांनी एका परिच्छेदापुरते सोसून घ्यावे.) आज सकाळी खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाला, तुम्ही आत्ता जो शब्द उच्चारलात त्याच्यामागे साडेनऊशे वर्षांपूर्वीची एक लढाई आहे, असे कोणी सांगितले तर तो सांगणाऱ्याकडे संशयाने बघेल. पण गोष्ट खरी आहे. मटण हा शब्द आपण इंग्रजांकडून घेतला आणि इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चरणारी, जिवंत मेंढी असाही आहे. इंग्लंडात मात्र रानात असते तोवर ती शीप आणि ताटात आली की मटन. गाय गोठ्यात काऊ, ताटात बीफ, डुकराचेही तेच. पाळणाऱ्याची भाषा एक, खाणाऱ्याची दुसरी. वॉल्टर स्कॉटने १८१९ सालच्या ‘आयव्हॅनहो’ कादंबरीत ही गंमत एका विदूषकाच्या तोंडी घातली आणि तेव्हापासून ती सर्वतोमुखी झाली. भाषेचे अभ्यासक म्हणतात, ही वाटणी सुरुवातीला एवढी काटेकोर नव्हती, पुष्कळ काळ दोन्ही शब्द दोन्ही अर्थांनी चालत. ते मान्य. तरीही गोठ्यातली आणि पंगतीतली भाषा वेगळी होण्याची वेळ ज्या माणसाने इंग्रजांवर आणली, त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. त्याचे नाव विल्यम. इतिहास त्याला जेता विल्यम म्हणून ओळखतो.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. महसूल खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली. सातबारा, फेरफार, कूळकायदा यांतच उमेद सरली. त्यामुळे असेल, पण विल्यमविषयी वाचताना माझे लक्ष त्याच्या तलवारीपेक्षा त्याच्या दप्तराकडे अधिक जाते. लढाया काय, पुष्कळांनी जिंकल्या. जिंकलेला देश वीस वर्षांत नव्या नावांवर चढवून त्याची पक्की नोंद करून ठेवणारा माणूस विरळा.

त्याचा जन्म १०२७ किंवा १०२८ मधला, नॉर्मंडीतल्या फालेझ गावचा. नॉर्मंडी म्हणजे फ्रान्सचा उत्तरेकडचा किनारा. तेथले नॉर्मन मुळात उत्तरेच्या समुद्रातून लांब होड्यांनी येणारे लुटारू. त्यांना थोपवता येईना, तेव्हा ९११ साली फ्रान्सच्या राजाने त्यांच्या रोलो नावाच्या नायकाला रूआँ शहराभोवतीचा मुलूख तोडून दिला. शंभर वर्षांत हे लोक ख्रिस्ती झाले, फ्रेंच बोलू लागले, घोड्यावरून लढू लागले. लुटीची जागा वतनाने घेतली, एवढेच. रोलोच्या वंशातला ड्यूक रॉबर्ट हा विल्यमचा बाप. आई हर्लेव्हा, ती कातडी कमावणाऱ्याची मुलगी होती असे परंपरा सांगते. दोघांचे लग्न झालेले नव्हते. त्यामुळे विल्यमला जन्मभर एक विशेषण चिकटले, जे रविवारच्या पुरवणीत छापण्याजोगे नाही.

१०३५ साली रॉबर्ट जेरुसलेमची यात्रा करून परतताना वाटेतच वारला. विल्यम तेव्हा सात-आठ वर्षांचा. पोरक्या वारसाच्या घरात भाऊबंद आणि सरदार काय करतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्याच्या पालकांपैकी एकामागून एक मारले गेले. ऑस्बर्न नावाच्या कारभाऱ्याचा गळा तर विल्यमच्या निजायच्या खोलीतच, पोर जवळ असताना, चिरला गेला. त्याचा मामा वॉल्टर रात्री त्याच्यापाशी झोपे आणि चाहूल लागली की भाच्याला उचलून गोरगरिबांच्या खोपटात नेऊन लपवी. विल्यमच्या पुढच्या क्रौर्याचे समर्थन मला करायचे नाही; पण ज्या पोराने अशा रात्री काढल्या, त्याचा मोठेपणी कोणाच्या शब्दावर विश्वास बसेल कसा?

विशीत पाऊल टाकताच, १०४७ साली, त्याने फ्रान्सच्या राजाच्या मदतीने बंडखोर सरदारांचा पराभव केला. पुढे अलाँसाँ गावाला वेढा पडला असताना तटावरच्या लोकांनी त्याच्या आजोळचा व्यवसाय आठवून कातडी बडवून दाखवली. गाव पडल्यावर त्याने त्यांतल्या बत्तीस जणांचे हातपाय तोडले, असे इतिवृत्तकार नोंदवतात. त्याच सुमारास त्याने फ्लँडर्सच्या मटिल्डाशी लग्न केले. पोपने या लग्नाला मनाई केली होती. पुढे ती उठली, आणि प्रायश्चित्त म्हणून नवराबायकोने काँ शहरात एकेक मठ बांधला. पुरुषांचा त्याने, स्त्रियांचा तिने. दोन्ही आज उभे आहेत. पुरुषांच्या मठाची जागा वाचकांनी ध्यानात ठेवावी. त्या काळच्या राजेरजवाड्यांत दुर्मीळ अशी आणखी एक गोष्ट म्हणजे हा माणूस बायकोशी एकनिष्ठ राहिला.

आता इंग्लंड. तेथला राजा एडवर्ड निपुत्रिक होता, आणि त्याच्या आजोळच्या नात्याने विल्यम लांबचा भाऊ लागत होता. एडवर्डने आपल्याला गादीचे वचन दिले होते आणि हॅरल्ड या बलाढ्य इंग्रज सरदारानेही आपल्याशी इमान राखण्याची शपथ घेतली होती, असे नॉर्मनांचे म्हणणे. ५ जानेवारी १०६६ रोजी एडवर्ड वारला. दुसऱ्याच दिवशी हॅरल्डने राज्याभिषेक करून घेतला. वारसाच्या तंट्यात मयताने तोंडी काय सांगितले हे सांगणारे दोन्ही बाजूंना भेटतात, हे मी नोकरीत इतक्या वेळा पाहिले आहे की या वादात निकाल देण्याची हौस मला नाही. विल्यमने मात्र दावा नीट मांडला. पोपचा पाठिंबा मिळवला, झाडे तोडून जहाजे बांधवली. मटिल्डाने ‘मोरा’ नावाचे जहाज त्याला भेट दिले. एप्रिलात आकाशात शेंडेनक्षत्र दिसले (तो हॅलेचा धूमकेतू होता), तेव्हा ते कोणाचे वाटोळे करणार याची चर्चा दोन्ही किनाऱ्यांवर झाली असणार.

पुढचे सारे वाऱ्याने ठरवले. विल्यमचे आरमार अनुकूल वाऱ्याची वाट पाहत आठवडेच्या आठवडे पडून होते. तेवढ्यात नॉर्वेचा राजा उत्तर इंग्लंडात उतरला. हॅरल्ड धावत उत्तरेला गेला आणि २५ सप्टेंबरला त्याने नॉर्वेच्या राजाला ठार केले. तीनच दिवसांनी वारा फिरला आणि विल्यम दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरला. दमलेले सैन्य घेऊन हॅरल्ड तीनशे किलोमीटर उलटा लंडनला आला आणि तसाच पुढे हेस्टिंग्जकडे निघाला. १४ ऑक्टोबरला, शनिवारी, सकाळपासून अंधार पडेपर्यंत लढाई झाली. इंग्रज टेकडीवर ढालीला ढाल भिडवून पायी उभे. नॉर्मनांकडे घोडदळ आणि तिरंदाज. मध्येच विल्यम पडल्याची आवई उठली, तेव्हा त्याने शिरस्त्राण मागे सारून आपल्या लोकांना तोंड दाखवले. पळाल्याचे सोंग करून नॉर्मन मागे फिरले की इंग्रज रांग मोडून खाली धावत आणि घोड्यांखाली सापडत. संध्याकाळी हॅरल्ड मेला. डोळ्यात बाण लागला असे म्हणतात. ही सगळी हकीकत जवळजवळ सत्तर मीटर लांबीच्या एका कापडावर भरतकामात उतरवलेली आहे. ते बाय्यू गावाच्या नावाने प्रसिद्ध आहे, आणि ते भरले असावे बहुधा हरलेल्या इंग्रजांच्याच कारागिरांनी.

त्याच वर्षी नाताळच्या दिवशी वेस्टमिन्स्टरच्या चर्चमध्ये विल्यमला राज्याभिषेक झाला. आत जमलेल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे मोठ्याने जयघोष केला. बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना ती भाषा कळेना. दंगा झाला असे समजून त्यांनी आसपासची घरे पेटवली. लोक धूर पाहून पळाले. उरलेल्या मूठभर पाद्र्यांनी घाईघाईने विधी पुरा केला, आणि त्या वेळी हा लोखंडी माणूस थरथर कापत होता असे लिहून ठेवले आहे. पुढे चाळिशी उलटल्यावर त्याने इंग्रजी शिकण्याचा प्रयत्न केला. जमले नाही, सोडून दिले. नंतर तीन शतकांहून अधिक काळ इंग्लंडच्या गादीवर इंग्रजी मातृभाषा असलेला राजा आला नाही. तो आला १३९९ मध्ये, चौथा हेन्री.

पहिली काही वर्षे बंडे होत राहिली. १०६९ च्या हिवाळ्यात उत्तरेकडे उठाव झाला, तेव्हा विल्यमने यॉर्कशायरमध्ये गावे, धान्य, गुरे, अवजारे सगळे जाळले. त्यानंतर जो दुष्काळ पडला त्यात एक लाख माणसे मेली असे पुढे एका भिक्षूने लिहिले. आकडा मोजून लिहिलेला नसणार. पण हा भिक्षू, ऑर्डरिक, विल्यमच्या इतर गुणांची तारीफ करणारा आहे आणि या कृत्यासाठी मात्र त्याला क्षमा करत नाही. सोळा-सतरा वर्षांनी मोजणी झाली, तेव्हाही यॉर्कशायरच्या गावामागून गावापुढे एकच लॅटिन शब्द पडला: ओसाड. आपल्या महसुली भाषेत अशा गावाला बेचिराखी म्हणतात. दिवा लावायला माणूस नाही, असे गाव.

ही मोजणी हाच विल्यमच्या कारकिर्दीतला माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रसंग. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे त्याने सल्लामसलत केली आणि देशभर माणसे धाडली. परगण्यांचे बहुधा सात गट पाडले. प्रत्येक ठिकाणी शपथेवर साक्ष द्यायला पंच बसवले, निम्मे फ्रेंच आणि निम्मे इंग्रज. प्रश्न ठरलेले. वाडीचे नाव काय? एडवर्ड राजाच्या वेळी ती कोणाकडे होती, आता कोणाकडे आहे? जमीन किती, नांगर किती? (त्यांचा नांगर आठ बैलांचा धरलेला असे, आपल्याकडेही काळ्या रानात आठ बैलांचे नांगर चालत.) कुळे किती, गुलाम किती? जंगल, कुरण, पाणचक्की, मासळीचे तळे? तेव्हा उत्पन्न किती, आता किती, आणि याहून जास्त निघेल का? हा शेवटचा प्रश्न वाचला की कोणत्याही काळातल्या महसूल अधिकाऱ्याला आपल्या साहेबाचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटेल. एका इंग्रज मठातल्या वृत्तलेखकाने तक्रार केली आहे की एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा यातून सुटले नाही.

काही महिन्यांत तेरा हजारांहून अधिक ठिकाणांची माहिती गोळा झाली. संगणक नाही, कागद नाही. चामड्याच्या पानांवर लॅटिनमध्ये लिहायचे. मोठ्या खंडाचा बहुतेक भाग एकाच कारकुनाच्या हातचा आहे. त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही, पण माझा त्याला नमस्कार. लंडन राहून गेले आणि उत्तरेचे काही परगणेही, तेवढे चालायचेच. लोक या दप्तराला ‘डूम्सडे बुक’, म्हणजे कयामतीच्या दिवसाचे पुस्तक म्हणू लागले, कारण त्याच्या निवाड्यावर अपील नव्हते. आज ते लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

आता या नोंदीतली खुबी पाहा. पूर्वीचा धारक म्हणून एडवर्डच्या मृत्यूच्या दिवशी जो होता त्याचे नाव, आणि त्यानंतर थेट विल्यमने दिलेला धारक. मधल्या नऊ महिन्यांच्या राजाचा, हॅरल्डचा, उल्लेख राजा म्हणून नाही. तो साधा सरदार. म्हणजे विल्यमने देश जिंकलाच नाही. एडवर्डनंतर तो वारसाने मिळाला, आणि हॅरल्ड व त्याच्या बाजूने लढलेले सारे बेकायदा कब्जेदार! तलवारीने झालेला फेरफार असा वारसाचा म्हणून मंजूर झाला. हजारो इंग्रज जमीनदारांपैकी १०८६ मध्ये उरले किती? मोलाच्या हिशेबाने जेमतेम पाच टक्के जमीन इंग्रजांच्या हाती होती. सुमारे सहावा हिस्सा राजाकडे, चौथा धर्मसंस्थेकडे, आणि निम्म्याच्या आसपास दोनएकशे परक्या सरदारांकडे. दप्तरात इंग्रज नावे दिसतात ती पूर्वी कोणाकडे या रकान्यात. त्या माणसांचे पुढे काय झाले, त्यांच्या बायकामुलांनी काय खाल्ले, याला रकाना नव्हता. कधी कधी त्यांतलाच एखादा आपल्याच बापाच्या जमिनीवर नव्या मालकाचा खंडकरी म्हणून राबताना दिसतो.

आणि नवे सरदार तरी मालक होते का? नाही. सगळी जमीन राजाची. इतर सारे ती त्याच्याकडून धारण करणारे. धारण करणाऱ्याला नॉर्मन फ्रेंचमध्ये म्हणत टेनंट. वाचकहो, १९४८ सालच्या आपल्या कूळकायद्याच्या इंग्रजी नावात ‘टेनन्सी’ हा शब्द आहे, तो हाच. फरक इतकाच की विल्यमचे टेनंट चिलखत घालून घोड्यावर बसत, आणि माझ्या टेबलापुढे येणारे अनवाणी असत. १ एप्रिल १९५७ हा आमच्या खात्यात कृषक दिन. त्या दिवसापासून कायद्याने कूळ हे मालक मानले गेले. त्याच्या नोंदी पूर्ण करता करता आमच्या आधीची पिढी निवृत्त झाली आणि आमचीही. बिनवारस मालमत्ता सरकारजमा होण्याला आपल्या राज्यघटनेच्या २९६व्या कलमाच्या इंग्रजी मजकुरात ‘एस्चीट’ म्हटले आहे. तोही त्याच सरंजामी व्यवस्थेतला फ्रेंच शब्द. इंग्लंडात तर तत्त्वतः सगळ्या जमिनीचे मूळ आजही राजाकडेच आहे. कायद्याला राजाची संमती मिळाल्याची घोषणाही पार्लमेंटात अजून नॉर्मन फ्रेंचमध्ये होते.

कोर्ट, जज्ज, ज्युरी, अपील, रेंट हे सारे त्याच वाटेने आलेले. एक गंमत सांगण्याचा मोह आवरत नाही. पॅरिसचे फ्रेंच ज्या शब्दांच्या आरंभी ग म्हणत, तेथे नॉर्मंडीचे लोक व म्हणत. इंग्रजीने दोन्ही उच्चार घेतले आणि ते दोन्ही मराठीत पोचले. म्हणून पोलीस आणतो ते वॉरंट आणि पंख्याच्या दुकानदाराकडून मागतो ती गॅरंटी हे मूळचे एकाच घरातले भाऊ. वसतिगृहाचा वॉर्डन आणि प्रगतिपुस्तकावर सही करणारा गार्डियन हेही तसेच. माणसांची नावेसुद्धा बदलली. दोन-तीन पिढ्यांत इंग्रज आपल्या मुलांना विल्यम, रॉबर्ट, हेन्री म्हणू लागले. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचे, त्या जॉन विल्सनसाहेबांच्या आडनावाचा अर्थ विलचा म्हणजे विल्यमचा मुलगा.

आपल्याकडे हे नवल वाटू नये. फिर्याद, वकील, दावा आणि खुद्द जमीन हे शब्दही आपल्याला राज्यकर्त्यांच्या दफ्तरातूनच मिळाले, आणि ते पाहूनच शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला. इंग्रजांना असा कोश मिळाला नाही. त्यांची भाषा शेतात आणि स्वयंपाकघरात तग धरून राहिली, आणि १३६२ साली कायदा होऊन कोर्टात इंग्रजी बोलायला मुभा मिळाली.

विल्यमच्या बाजूनेही काही सांगितले पाहिजे. इंग्रजांच्या त्या जुन्या, मोकळ्या म्हणून गायिल्या जाणाऱ्या राज्यात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे दहावा हिस्सा गुलाम होता. विल्यमने गुलामांची परदेशात विक्री बंद केली, आणि विजयानंतर काही पिढ्यांतच ती प्रथा संपली. अर्थात कुळांच्या मानेवरचे जू हलके झाले नाही. शिकारीसाठी त्याने मोठमोठी राने राखीव केली, हरिण मारणाऱ्याचे डोळे काढायचे फर्मान काढले. आणि त्याचे ते दप्तर! १३७७ साली दक्षिण इंग्लंडातल्या चाळीसएक गावांच्या कुळांनी त्याचेच उतारे काढून आणले आणि आमच्यावर ही वेठ लागत नाही म्हणून वाद घातला. तीनशे वर्षांपूर्वीच्या जुलमी राजाच्या नोंदी गरिबांनी आधाराला घेतल्या. सरकारने त्यांना हाकलून लावले, ही गोष्ट वेगळी. चार वर्षांनी शेतकऱ्यांचे मोठे बंड झाले.

घरात विल्यमला सुख लाभले नाही. थोरला रॉबर्ट आपला वाटा मागू लागला, बाप देईना. १०७९ मध्ये जर्बरुआच्या वेढ्यात बापलेक समोरासमोर आले. विल्यम जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. त्याला दुसरा घोडा आणून देणारा टोकी नावाचा माणूस इंग्रज होता, आणि तो तेथेच मारला गेला. इकडे मटिल्डा चोरून मुलाला पैसे पाठवत होती. विल्यमला ते कळले, तो संतापला, पण ती थांबली नाही. आई ती आई. १०८३ मध्ये ती गेली. दुसरा मुलगा रिचर्ड बापाच्या राखीव रानात, न्यू फॉरेस्टमध्ये, आधीच अपघाताने मेला होता. पुढे ११०० साली तिसरा, राजा झालेला विल्यम, त्याच रानात बाण लागून मेला. ज्यांची शेते त्या रानाखाली गेली त्यांनी यावरून काय म्हटले असेल, ते सांगायला नको.

१०८७ च्या उन्हाळ्यात फ्रान्सच्या राजाशी भांडण काढून विल्यमने माँत गाव जाळले. जळत्या गावात घोडा अडखळला आणि खोगिराची पुढची कड त्याच्या सुटलेल्या पोटात बसली, असे सांगतात. रूआँजवळच्या एका मठात पाच-सहा आठवडे अंथरुणाला खिळून ९ सप्टेंबरला पहाटे तो मेला. नॉर्मंडी रॉबर्टला, इंग्लंड तिसऱ्याला, धाकट्या हेन्रीला रोख पाच हजार पौंड. तिसरा मुलगा प्राण जाण्याआधीच इंग्लंडचा मुकुट गाठायला निघून गेला होता. मोठमोठे सरदार आपापली घरे सांभाळायला पळाले. नोकरांनी भांडी, कपडे, बिछाने उचलले आणि राजाचे शव जवळजवळ उघडे जमिनीवर टाकून गेले. अखेर हर्लुइन नावाच्या एका साध्या खेडवळ सरदाराने पदरच्या पैशाने ते काँला पोचवले. शहरात प्रेतयात्रा निघाली तोच कुठे तरी आग लागली, आणि लोक प्रेत सोडून ती विझवायला धावले.

विल्यमने स्वतः बांधलेल्या मठात खड्डा तयार होता. बिशपने मृताच्या अपराधांसाठी जमलेल्यांकडे क्षमा मागितली, तेव्हा गर्दीतून ॲसेलिन नावाचा एक माणूस पुढे आला. ही जागा माझ्या बापाच्या घराची आहे, या माणसाने ती जबरदस्तीने घेतली, माझ्या मातीत मी त्याला पुरू देणार नाही, असा त्याचा दावा. तिथल्या तिथे चौकशी झाली. शेजाऱ्यांनी साक्ष दिली, दावा खरा निघाला. मग बिशप आणि सरदारांनी मिळून खड्ड्यापुरत्या जागेचे साठ शिलिंग त्याच्या हातावर मोजले, उरलेल्या जमिनीचे पैसे देण्याचे वचन दिले आणि पुढचा विधी उरकला. दगडी पेटी आखूड पडली. शव दाबून बसवताना पोट फुटले, आणि धूप घालूनही कोणाला तेथे थांबवेना.

१५६२ मध्ये धर्मयुद्धाच्या धामधुमीत ती कबर फोडून हाडे उधळली गेली. एक मांडीचे हाड तेवढे कोणी तरी जपून ठेवले. ते पुन्हा पुरून त्यावर बांधलेले स्मारक फ्रेंच राज्यक्रांतीत गेले. आता तेथे जमिनीत बसवलेली एक साधी शिळा आहे. ॲसेलिनला उरलेले पैसे पुढे मिळाले.